गड्डा यात्रा झाली की अंदमान: सोलापूरहून हनिमूनला निघताना आधी काय बुक करायचं आणि मग काय

लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी मला अजून फोन येतात, अंदमानला कसं गेला, कितीला पडलं, एजंट कोण होता. मामेबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिला फोनवर दीड तास सांगितलं, नंतर नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका पोराला सांगितलं, आता म्हणलं एकदाच सगळं लिहून टाकते, ज्याला पाहिजे त्याला पाठवायला बरं.

आधी मुद्द्याचं सांगते. आपण सोलापूरची माणसं, समुद्र आपल्यापासून लई लांब, आपल्याला वाटतं विमानाचं तिकीट निघालं म्हणजे ट्रिप झाली. अंदमानात तसं नसतं. तिथं सगळं बोटीवर चालतं. बोट किती वाजता आहे, सीट आहे का, समुद्र कसा आहे, यावर तुमचं हॉटेल, जेवण, फिरणं सगळं अवलंबून. म्हणून बुकिंग उलट्या बाजूनं करायचं, आधी बोटी, मग हॉटेल, मग विमान आणि शेवटी सोलापूरची रेल्वे. आमचं बरोबर याच्या उलटं झालं आणि त्याचे एकोणीस हजार आम्ही भरले, ते पुढं सांगते.

अंदमानच का

बाकी बेटं पण आहेत की. मालदीवला भारतीयांना तिथं उतरल्यावर व्हिसा फुकट मिळतो, बालीला उतरल्यावर पैसे भरून मिळतो, पण दोन्हीकडं पासपोर्ट लागतो आणि आपल्याकडं लग्न ठरल्यावर पोरीचा पासपोर्ट काढायचा म्हणलं की माहेरचं नाव टाकायचं का सासरचं यावरच दोन मीटिंगा होतात. लक्षद्वीप आपलंच, पण तिथं जायला भारतीयांनासुद्धा परमिट लागतं. अंदमानला पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील या नेहमीच्या ठिकाणी आपल्याला काहीच परमिट लागत नाही, आधार कार्ड घेतलं की निघाला.

नावांचा घोळ तेवढा लक्षात ठेवा. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम केलं. तिकिटावर नवं नाव दिसलं की घाबरू नका, माझ्या सासूबाईंनी तिकीट बघून "हे कुठलं गाव, तुम्ही तर अंदमानला चालला होतात ना" म्हणून विचारलं होतं. बोलताना तिथली माणसं पण हॅवलॉक, नीलच म्हणतात, मी पण तेच लिहिते.

आधी घरचं कॅलेंडर, मग सीझन

लग्न झाल्याबरोबर तिसऱ्या दिवशी विमानात बसायचं असं कुणी प्लॅन केलं तर ते आपल्याकडं जमत नाही. सत्यनारायण आहे, जागरण गोंधळ आहे, तुळजापूर आहे, बाळ्याच्या खंडोबाला जोडीनं जायचंय, कुणाचं अक्कलकोट, कुणाचं पंढरपूर, त्यात माहेरी पाठवणी. हे सगळं व्हायला आठ-दहा दिवस जातात आणि तोवर झोप नाही, पाय सुजलेले. लग्न ते प्रवास यात किमान बारा दिवस ठेवा आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारून ती तारीख पक्की करा, "आम्ही बुक केलंय" असं परस्पर सांगू नका, कारण मग नेमकी त्याच दिवशी कुणाची तरी पूजा निघते.

आता सीझन. अंदमानला डिसेंबर ते एप्रिल चांगलं. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मान्सून, समुद्र खवळलेला, बोटी रद्द होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला ईशान्येचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं. डिसेंबर उजाडला की बरं असतं, पण नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत अजिबात जाऊ नका, रेट बघूनच चक्कर येते. माझं सरळ गणित आहे, संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजाची मिरवणूक, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम सगळं घरच्यांबरोबर बघायचं, गड्ड्यावर फिरून घ्यायचं आणि मग निघायचं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून रेट पण खाली येतात आणि समुद्र पण शांत. नव्या सुनेची पहिली संक्रांत घरी झाली म्हणून सासूबाई पण खूश.

ज्यांची लग्नं मे महिन्यात आहेत त्यांना माझं स्पष्ट मत, बेट लगेच करू नका. चार दिवस कुठंतरी थंड हवेला जाऊन या आणि अंदमान जानेवारीवर टाका. पावसाळ्यात पॅकेज निम्म्या पैशात मिळतं हे खरं, पण पाच दिवस खोलीत बसून खिडकीतून पाऊस बघायला तेवढे पैसे कशाला.

बोटी

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक समुद्रातून साधारण चाळीस किलोमीटर. दोन प्रकारच्या बोटी. सरकारी बोट फिनिक्स बे जेटीवरून सुटते, तिकीट एकदम स्वस्त, अडीच तास लागतात आणि बाहेर डेकवर उभं राहता येतं. पण सीट पटकन संपतात. खासगी बोटी म्हणजे मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे, एसी, बंद काचा, दीड-दोन तासांत पोचवतात, माणशी साधारण दीड ते अडीच हजारापर्यंत जातं सीटप्रमाणे. बहुतेक खासगी बोटीत आत बसूनच राहावं लागतं आणि समुद्र थोडा जरी हलला तरी आजूबाजूला पिशव्या उघडायचे आवाज सुरू होतात. ज्यांना एसटीत घाटात उलटी होते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आणायची आणि बोट सुटायच्या तासभर आधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नाही. मधल्या किंवा मागच्या सीट घ्या, पुढं जास्त हलतं. सकाळची पहिली बोट घ्या, दुपारनंतर वारा वाढतो.

तुम्हाला तीन तिकिटं लागणार: पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील, नील ते पोर्ट ब्लेअर. ही तिन्ही मिळतायत का ते बघा, मिळाली की काढून टाका, आणि मगच हॉटेलच्या तारखा.

आणि हे वाक्य लिहूनच ठेवा: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच झोपायचं. आमच्या एजंटनं काय केलं, पाच रात्रींच्या पॅकेजमध्ये शेवटच्या दिवशी सकाळी सातची बोट आणि साडेअकराचं विमान. कागदावर एकदम बरोबर दिसतं. मी विचारलं पण होतं, बोट लेट झाली तर, तर म्हणाला मॅडम काही होत नाही, रोज माणसं जातात. त्या दिवशी वारा सुटला होता, आधी म्हणाले नऊला सुटेल, मग म्हणाले साडेदहाला, जेटीवर आम्ही दोघं बॅगांवर बसलेलो आणि डोक्यावरून एक विमान गेलं, आमचं नसणार ते पण मला त्या क्षणी ते आमचंच वाटलं. दुसऱ्या दिवशीची दोन तिकिटं एकोणीस हजाराला पडली. एजंटला फोन केला तर, "निसर्गापुढं कुणाचं चालतं का मॅडम." बोट कंपनीनं बोटीचे पैसे परत दिले असते, विमानाचे कुणी देत नाही. एक रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवली असती तर दोन-अडीच हजारात मिटलं असतं.

विमान आणि सोलापूर ते चेन्नई

अंदमानला विमानं चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणांवरून जातात. सोलापूरकराला सगळ्यात सोयीचं चेन्नई, कारण आपण मुंबई-चेन्नई मेन लाइनवरच बसलोय. गाडीत बसलं की चौदा-सोळा तासांत चेन्नई, कुठं बदलायचं नाही. विमान सव्वादोन तासांचं. पुण्या-मुंबईहून पण जमतं पण आधी तिकडं चार-सहा तास उलटं जायचं, परत विमान बदलायचं, मला ते पटत नाही. हैदराबाद रस्त्यानं पाच-सहा तास, तिथून थेट विमान तुमच्या तारखेला चांगल्या रेटला मिळालं तर तोच रस्ता घ्या, मी तारखेप्रमाणे दोन्ही बघायला सांगते. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ पासून विमानं सुरू झालीत, पण कनेक्शन जुळलं तरच त्याचा विचार करा, नाहीतर हौसेपोटी एक दिवस जायचा.

आम्ही असं केलं. रात्री दोन-अडीचला सोलापूर स्टेशनवरून गाडी पकडली (सोडायला नऊ माणसं आली होती, अक्षता टाकायच्या तेवढ्या राहिल्या होत्या), दुपारनंतर चेन्नईला उतरलो, स्टेशनपासून विमानतळापर्यंत मेट्रो आहे ती घेतली, विमानतळाजवळ साधं हॉटेल घेऊन झोपलो आणि पहाटेचं विमान धरलं. ज्या दिवशी गाडी पोचते त्याच दिवशीचं विमान काढू नका, गाडी लेट झाली की गोष्ट परत जेटीवरच्यासारखीच. पहाटेच्या विमानाला उजव्या-डाव्या कुठल्याही बाजूची खिडकी घ्या, पण घ्याच. उतरताना खालचा समुद्र हिरवा-निळा होत जातो ते बघताना नवऱ्यानं पहिल्यांदा माझा हात स्वतःहून धरला, त्याआधी सोलापुरात कुणीतरी बघेल म्हणून सात रस्ता चौकात सुद्धा चार हात लांबून चालायचा.

तिकिटावर नाव आधार कार्डावर आहे तेच टाका. लग्नात नाव बदललं, पत्रिकेत नवं नाव छापलं, म्हणून हौसेनं तिकीट पण नव्या नावानं काढलं आणि आधारवर माहेरचं, तर विमानतळाच्या गेटवरच अडवतात. नाव बदलायचं काम परत आल्यावर करा. हॉटेलात दोघांची ओळखपत्रं मागतात, मॅरेज सर्टिफिकेट आम्हाला कुणी विचारलं नाही.

बॅगेत काय

ओटीतलं खोबरं काढा! हे मी पहिल्यांदा लिहितेय कारण आमच्या बॅगेत दोन वाट्या निघाल्या. सुकं खोबरं तेलकट असतं, पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. बॅग उघडायला लावली, वरच माझ्या आईनं दिलेली ओटी, हळकुंड, सुपारी, खारीक आणि खोबरं, मागं सगळी लाइन बघतेय. शेंगा चटणी आणि कडक भाकरी मात्र मोठ्या बॅगेत टाकून बिनधास्त न्या, हॅवलॉकला रात्री साडेनऊला सगळं बंद झाल्यावर कडक भाकरी, चटणी आणि दह्याचा कप यावर आम्ही एक अख्खं जेवण काढलंय. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवायची.

सोलापुरी टॉवेल दोन नाही, चार न्या. समुद्रातून आलं की एक, खोलीत एक, आणि दमट हवेमुळं तिथं काही वाळत नाही. एक पातळ चादर पण न्या वाळूवर टाकायला. राधानगर बीचवर आमची मोराची चादर बघून एक काका लांबून चालत आले, "सोलापूरचे का हो?" ते बार्शीचे निघाले.

कपडे साधे, लवकर वाळणारे, पाण्यात जायला लांब बाह्यांचा टीशर्ट आणि लेगिंग्ज, साडी-ड्रेसची मोठी बॅग भरू नका, बोटीत चढता-उतरता नवऱ्याला उचलायला लागते आणि मग तोंड वाकडं होतं. रबरी सँडल, टोपी, सनस्क्रीन. मच्छर आणि वाळूतल्या बारीक माश्यांसाठी क्रीम नक्की न्या, या माश्या दिसत नाहीत, चावल्याचं कळत नाही, रात्री खाज सुटते आणि आठ दिवस जात नाही. ओल्या वाळूत थेट बसू नका, चादर त्यासाठीच.

दागिने घरी. खरंच. लांब मंगळसूत्र, पाटल्या, सगळं लॉकरला, गळ्यात छोटं बारीक असू दे. पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी सैल होऊन निसटते, नवऱ्याची साखरपुड्याची अंगठी थोडक्यात वाचली आमची. हिरवा चुडा असेल तर स्कूबाच्या आधी काढायला सांगतात कारण काच फुटली तर हात कापतो. घरी याची चर्चा आधीच करून घ्या, तिथून फोन करून "चुडा काढू का" विचारायची वेळ आणू नका.

पैसे रोख ठेवा. एटीएम हॅवलॉकला मोजकी, कधी बंद, कधी लाइन. नेटवर्क आता बऱ्यापैकी आहे, ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकली तेव्हापासून पोर्ट ब्लेअरला नेट चांगलं चालतं, हॅवलॉक-नीलला येतं-जातं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की तिथं नेटवर्क नसतं. असलं तरी सांगा. रोज रात्री सतरा माणसांबरोबर व्हिडिओ कॉल करायचा असेल तर हनिमूनला कशाला जायचं.

दोघांनी आधी बोलायच्या गोष्टी

हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. आमचं अरेंज मॅरेज, लग्नाआधी चार वेळा भेटलो असू, त्यातलं एकदा आत्याबाई बरोबर. मूल आत्ता नको असेल तर काय करायचं ते निघायच्या आधी डॉक्टरकडं दोघांनी जाऊन विचारा, मेडिकलवाल्याला विचारून काही घेऊ नका. पाळीची तारीख मध्ये येत असेल तर आपल्याकडं पूजेसाठी गोळ्या घ्यायची सवय असते, लग्नात घेतल्या, परत ट्रिपसाठी घेतल्या असं स्वतःच्या मनानं करू नका, हे पण डॉक्टरला विचारूनच, आणि आली तर आली, समुद्र कुठं पळून जात नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत काही "व्हायलाच पाहिजे" असं कुणाचंच कुणावर ओझं नको. लग्नाच्या धावपळीनंतर आम्ही पहिल्या दिवशी दुपारी तीनला झोपलो ते डायरेक्ट रात्री नऊला उठलो, दोघंही.

दिवस कसे लावायचे

घड्याळाचं एक गणित डोक्यात पक्कं करा. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळं सूर्य सोलापूरपेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. जानेवारीत संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला सूर्यास्त, सहाला अंधार. आपण सोलापूरच्या सवयीनं दुपारी जेवून झोपून पाचला "चला आता बीचवर" म्हणून निघालो की खेळ संपलेला असतो. पहाटे साडेपाचला उजाडतं. म्हणजे उठायचं लवकर, दुपारचं ऊन खोलीत काढायचं आणि साडेतीनला बीचवर हजर व्हायचं.

माझ्या मते सहा रात्री: एक पोर्ट ब्लेअर, तीन हॅवलॉक, एक नील, आणि परत एक पोर्ट ब्लेअर. पाच रात्रीच मिळत असतील तर नील सोडा, ती शेवटची पोर्ट ब्लेअरची रात्र सोडू नका.

पहिल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल. लोक म्हणतात हनिमूनला जेल कशाला, पण मराठी माणूस तिथपर्यंत जाऊन न बघता येतो का. १८९६ ला बांधायला सुरुवात, १९०६ ला पूर्ण, मूळ सात विंग होत्या त्यातल्या तीन उरल्यात, मधल्या टॉवरवरून सगळीकडं नजर ठेवायचे. सावरकर १९११ ला तिथं आणले गेले, त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, तिथं चपला काढून लोक उभे राहतात. मला तिथं आपले चार हुतात्मे आठवले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, आणि आपण रोज त्यांच्या पुतळ्यापुढून भाजी घेऊन जातो. नवरा फाशीघराच्या खोलीतून बाहेर आला तो बराच वेळ बोलला नाही, आणि तेव्हा मला कळलं की हा माणूस गप्प असतो तेव्हा रागावलेला नसतो. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो हिंदीतला बघा, तिकीट आधी काढून ठेवा, सीझनला संपतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं हॅवलॉक. उतरलं की जेटीवर रिक्षावाले, हॉटेलवाले असतात. हॉटेल घेताना नकाशा बघून घ्या, बहुतेक सगळी हॉटेलं विजयनगर आणि गोविंदनगर या पूर्वेच्या बाजूला आहेत, राधानगर पश्चिमेला, जेटीपासून बारा किलोमीटर. पूर्वेकडच्या बीचवर ओहोटीला पाणी लई लांब जातं, दगड उघडे पडतात, म्हणून "बीचवरचं हॉटेल" म्हणजे चोवीस तास पोहायला मिळणार असं नाही. भरतीची वेळ हॉटेलवाल्याला रोज विचारा. स्कूटी भाड्यानं मिळते, पाचशेच्या आसपास दिवसाला, लायसन्स लागतं. स्कूटी घेतली की तुम्ही राजे.

राधानगर म्हणजे सात नंबर बीच. तिथं बाकी काही करायचं नाही, चादर टाकायची, शहाळं घ्यायचं आणि सूर्य बुडेपर्यंत बसायचं. पाऊण किलोमीटर उजवीकडं चालत गेलं की गर्दी संपते. पण मगरीचे बोर्ड असतात ते वाचा. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे, चेष्टा नाही, २०१० ला याच बीचच्या बाजूला एका परदेशी बाईचा जीव गेलाय. जिथं लाइफगार्ड आहे आणि लोक पोहतायत तिथंच उतरा, खाडीच्या तोंडाशी आणि अंधार पडल्यावर अजिबात नाही. आपण सिद्धेश्वर तलावाच्या काठावर लहानाचे मोठे झालो, लाटेचा अंदाज आपल्याला नसतो, कमरेपर्यंत पाणी म्हणजे पुरे.

स्कूबा तिसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. पोहायला येत नाही, चष्मा आहे, भीती वाटते, मला तिन्ही होतं. पहिल्यांदा करणाऱ्यांबरोबर एकास एक ट्रेनर असतो, तोच तुम्हाला धरून नेतो, आपलं काम फक्त तोंडानं श्वास घ्यायचं आणि कानात दडा बसला की नाक दाबून हवा सोडायचं. आधी कमी पाण्यात सराव घेतात. दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, सर्दीनं नाक-कान बंद असतील तर करू नका, फॉर्मवर खोटं लिहू नका. आणि स्कूबानंतर किमान एक दिवस विमानात बसायचं नाही, शरीरात नायट्रोजन विरघळलेला असतो, उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊन दुखापत होते. म्हणूनच स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवणारं पॅकेज दिसलं की त्या एजंटला काही कळत नाही असं समजा. फोटोवाले वेगळे पैसे मागतात का ते पाण्यात जायच्या आधी विचारा. आम्हाला माणशी साडेचार हजार पडले आणि मी वर आल्यावर पाच मिनिटं नुसती रडत होते, कशामुळं ते मला अजून सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी एलिफंट बीच करायचा तर सकाळी लवकर स्पीड बोटीनं जा, दहाच्या पुढं तिथं गड्ड्यासारखी गर्दी. पण माझं मत, तो दिवस मोकळा ठेवा. काहीही बुक करू नका. कालापत्थरला सूर्योदय बघा, परत येऊन झोपा, बाजारात फिरा. आमच्या सगळ्या ट्रिपमधला तो सगळ्यात चांगला दिवस आणि त्याचे फोटो पण फारसे नाहीत.

नील एकदम लहान, तासाभरात स्कूटीवर फिरून होतं. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, सगळी रामायणातली नावं. लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीलाच बघता येते, तिथल्या दगडांवर पाय जपून, खाली जिवंत प्रवाळ असतं.

बाराटांगची गुहा लोक पॅकेजमध्ये घुसवतात. पहाटे तीनला उठून, जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं. तिथं थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, हे नियम आहेत आणि बरोबर आहेत. ड्रायव्हर "दिसले तर नशीब" म्हणून सांगायला लागला की मला तर लाजच वाटते, माणसं काय बघायची वस्तू आहेत का. आम्ही नाही केलं.

जेवण आणि खर्च

मासे खाणाऱ्यांची मजा, ताजा मासा समोर निवडून देतात, भाव मात्र वजनावर आधी ठरवा. शाकाहारी लोकांनी घाबरू नका, डोसा, थाळी, बंगाली लुची-भाजी सगळं मिळतं, पण तिखट म्हणजे त्यांचं तिखट, आपलं नाही.

आमचा दोघांचा खर्च, ती एकोणीस हजाराची फजिती सोडून: चेन्नई ते पोर्ट ब्लेअर जाऊन-येऊन विमान तीस हजार, रेल्वे थर्ड एसी आणि चेन्नईचं हॉटेल नऊ हजार, बेटावरची हॉटेलं पंचवीस हजार, बोटी दहा हजार, स्कूबा नऊ हजार, टॅक्सी-स्कूटी-पेट्रोल सहा हजार, जेवण-खाणं नऊ-दहा हजार. म्हणजे लाखाच्या आतबाहेर. एजंटकडून घेणार असाल तर बोटीचं नाव आणि वेळ, हॉटेलचं नाव, कुठला बीच, हे सगळं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, "सिमिलर हॉटेल" असा शब्द दिसला तर विचारा सिमिलर म्हणजे कुठलं.

परत येताना

शिंपले, प्रवाळ, बीचवर सापडलेला शंख, काही म्हणजे काही बॅगेत टाकू नका. विमानतळावर बॅग तपासतात आणि काढून ठेवायला लावतात, प्रवाळ तर वन्यजीव कायद्यात येतं. सासूबाईंनी देवघरासाठी शंख सांगितला असेल तर पोर्ट ब्लेअरच्या सरकारी सागरिका एम्पोरियममधून घ्या, आणि बिल हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नाही, कारण विचारतात तेव्हा मोठी बॅग आपल्याजवळ नसते.

घरी आल्यावर कपडे, टॉवेल, चादर, सगळ्यात मीठ आणि वाळू असते. एकदा धुवून निघत नाही, दोन-तीनदा नुसत्या पाण्यातून काढायला लागतं. आमच्याकडं नळ चार दिवसाआड, आम्ही आलो तो नेमका पाणी नसलेला दिवस आणि मी आल्या-आल्या हौसेनं सगळं एका टबात भिजवून ठेवलं, तिसऱ्या दिवशी त्याला जो वास सुटला तो अण्णांनी हॉलमधून ओळखला. तेव्हा आधी शेजारी विचारा पाणी कधी येतंय, मग भिजवा.